सूर्यप्रकाशबाधित त्वचेवरील कर्करोगपूर्व चट्ट्यांचे उपचार व त्यांचे सौंदर्यविषयक फलित : एक विवेचन

प्रास्ताविक

कर्करोगावरील उपचारांची चर्चा होते तेव्हा सामान्यतः रुग्णाचे प्राण वाचले की नाही, हाच प्रश्न अग्रस्थानी असतो. उपचारानंतर चेहरा कसा दिसतो, हा प्रश्न दुय्यम, किंबहुना काहीसा संकोचाचा मानला जातो. तथापि त्वचेच्या एका सर्वसामान्य विकृतीच्या बाबतीत हा क्रम तपासून पाहण्याची गरज निर्माण होते. ती विकृती म्हणजे ‘ॲक्टिनिक केराटोसिस’, अर्थात दीर्घकालीन सूर्यप्रकाशामुळे त्वचेवर उमटणारे खरखरीत, खपलीयुक्त चट्टे. हे चट्टे कर्करोगपूर्व मानले जातात. परंतु त्यांपैकी फारच थोडे प्रत्यक्ष कर्करोगाचे रूप घेतात. शिवाय ते मुख्यतः चेहरा, टक्कल, कान व हाताची पाठ अशा सदैव दृष्टीस पडणाऱ्या भागांवर येतात. जो चट्टा कदाचित कधीच धोकादायक ठरला नसता, तो घालविताना कायमचा पांढरा डाग किंवा व्रण मागे राहिला, तर त्या उपचाराने साधले काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

प्रस्तुत लेखात या विकृतीचे स्वरूप, तिच्यावरील प्रमुख उपचारपद्धती, त्यांचे सौंदर्यविषयक फलित व ते मोजण्यातील अडचणी यांचा परामर्श घेण्यात आला आहे. हा विषय प्रामुख्याने ऑस्ट्रेलिया, युरोप व अमेरिका येथील गौरवर्णीय समाजांशी निगडित असल्याने विवेचनातील उदाहरणेही मुख्यतः तेथीलच आहेत.

१. विकृतीचे स्वरूप

सूर्यप्रकाशाचा त्वचेवर होणारा विपरीत परिणाम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकाच्या लक्षात आला. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांनी १८९४ मध्ये दर्यावर्दी लोकांच्या त्वचेतील बदलांचे व त्यातून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. ‘ॲक्टिनिक केराटोसिस’ ही संज्ञा पुढे १९५८ मध्ये हर्मन पिंकस यांच्यामुळे रूढ झाली.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी ‘ब’ प्रकारचे किरण बाह्यत्वचेतील पेशींच्या डीएनएवर थेट आघात करतात. डीएनएच्या साखळीतील शेजारशेजारचे दोन घटक त्यामुळे एकमेकांना जोडले जातात. ही चूक पेशी बहुधा दुरुस्त करते. परंतु वर्षानुवर्षे होणाऱ्या आघातांत काही चुका तशाच राहून जातात. पेशीच्या अनिर्बंध वाढीला आळा घालणारे ‘पी-५३’ हे जनुक बिघडले म्हणजे सदोष पेशी नष्ट न होता वाढू लागतात व पृष्ठभागावर खरखरीत थर जमतो. असा चट्टा डोळ्यांना दिसण्यापूर्वीच बोटांना जाणवतो. वाळूच्या कागदावरून बोट फिरवावे तसा त्याचा स्पर्श असतो.

येथे दोन बाबी ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिली बाब अशी की, चट्टा हा एकाकी नसतो. त्याच्या भोवतालची वरकरणी निरोगी दिसणारी त्वचादेखील तितकीच ऊन सोसलेली असते व तिच्यातही सदोष पेशी विखुरलेल्या असतात. स्लॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये मुखाच्या कर्करोगासंदर्भात मांडलेली ‘बाधित क्षेत्र’ ही कल्पना पुढे त्वचेलाही लागू करण्यात आली. दुसरी बाब म्हणजे हीच त्वचा सुरकुत्या, पिवळसरपणा, तपकिरी डाग व फुटलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या यांमुळे अकाली वृद्ध झालेली असते. अतिनील किरण अंतस्त्वचेतील कोलॅजनचे विघटन घडवून आणतात. अर्थात कर्करोगाची पूर्वावस्था आणि त्वचेची विरूपता या एकाच कारणाच्या दोन बाजू होत.

चट्ट्याचे रूपांतर कर्करोगात होण्याची शक्यता किती, याविषयी निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष भिन्न आहेत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात रॉबिन मार्क्स व सहकाऱ्यांनी केलेल्या व १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका चट्ट्याचे वर्षभरात कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता हजारात एकाहून कमी आढळली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या, म्हणजे अधिक जोखमीच्या गटाच्या, २००९ मधील अभ्यासात हे प्रमाण एका वर्षात ०.६ टक्के, तर चार वर्षांत सुमारे २.६ टक्के दिसून आले. याच अभ्यासात निम्म्याहून अधिक चट्टे वर्षभरानंतर जागेवर आढळले नाहीत. मात्र एखाद्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर व डोक्यावर असे अनेक चट्टे असतील, तर एकूण जोखीम नगण्य राहत नाही. शिवाय कोणता चट्टा मावळेल व कोणता बळावेल हे आधी सांगता येत नाही. उपचाराचे समर्थन होते ते यामुळेच, आणि तो उपचार सौम्य असावा ही अपेक्षाही त्यातूनच निर्माण होते.

२. ‘सौंदर्यविषयक फलित’ या संकल्पनेचा अर्थ

वैद्यकीय चाचण्यांमध्ये सौंदर्यविषयक फलित म्हणजे रुग्ण आधीपेक्षा सुंदर दिसू लागला असा अर्थ नसतो. उपचार केलेल्या जागी व्रण, खड्डा, वर्णहानी किंवा काळसरपणा राहिला आहे काय, त्वचेचा पोत कसा आहे व सभोवतालच्या त्वचेत ती जागा कितपत मिसळून गेली आहे, हे तपासून ‘उत्कृष्ट’, ‘चांगले’, ‘मध्यम’ व ‘असमाधानकारक’ अशा श्रेणी दिल्या जातात.

या फलिताचे तीन टप्पे वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला टप्पा उपचार चालू असतानाचा, दुसरा जखम भरून आल्यानंतरचा आणि तिसरा सहा महिने ते एक वर्ष उलटल्यानंतरचा. एखादी पद्धत पहिल्या टप्प्यात अतिशय त्रासदायक ठरूनही तिसऱ्या टप्प्यात उत्तम ठरू शकते. उलटपक्षी चटकन आटोपणारी पद्धत कायमचा डाग मागे ठेवू शकते. उपचारांची तुलना करताना हा भेद विसरला गेल्यास निष्कर्ष दिशाभूल करणारे ठरतात.

३. प्रमुख उपचारपद्धती व त्यांचे फलित

अ) शीतोपचार : उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रवरूप नायट्रोजन चट्ट्यावर काही सेकंद फवारणे ही सर्वाधिक प्रचलित पद्धत होय. ती झटपट व स्वस्त असून रुग्णाला घरी काहीही करावे लागत नाही. तथापि तिच्यात एक अंगभूत अडचण आहे. त्वचेला रंग देणाऱ्या रंजकपेशी थंडीला फार लवकर बळी पडतात. उणे पाच अंशांच्या आसपासच त्या नष्ट होऊ लागतात; चट्ट्यातील सदोष पेशी मारण्यासाठी मात्र याहून बरेच खालचे तापमान लागते. म्हणजेच चट्टा नष्ट करण्याइतकी थंडी दिली की रंग जाण्याचा धोका आलाच. ऑस्ट्रेलियात झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच सेकंदांहून कमी काळ गोठविलेल्या चट्ट्यांपैकी ३९ टक्के, तर वीस सेकंदांहून अधिक काळ गोठविलेल्यांपैकी ८३ टक्के नाहीसे झाले. बऱ्या झालेल्या चट्ट्यांपैकी ९४ टक्क्यांचे सौंदर्यविषयक फलित ‘चांगले’ वा ‘उत्कृष्ट’ ठरविण्यात आले. परंतु त्याच अभ्यासात बऱ्या झालेल्या जागांपैकी सुमारे २९ टक्के ठिकाणी त्वचा फिकट झाल्याची नोंद आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, यावरून श्रेणींच्या लवचीकतेची कल्पना येते.

आ) फ्लुओरोयुरॅसिल मलम : फ्लुओरोयुरॅसिल हे १९५७ मध्ये चार्ल्स हाइडलबर्गर व सहकाऱ्यांनी पुढे आणलेले कर्करोगविरोधी औषध होय. शिरेवाटे हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावरील ऊनबाधित चट्टे लाल होऊन गळून पडतात, असे १९६० च्या दशकाच्या आरंभी लक्षात आले व त्यातून मलमाची कल्पना पुढे आली. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींमध्ये डीएनएची निर्मिती रोखणे हे याचे कार्य. ते चट्ट्यासह संपूर्ण बाधित क्षेत्रावर सामान्यतः दोन ते चार आठवडे लावले जाते. या काळात चेहरा लाल होतो, सोलतो, खपल्या धरतो. जे चट्टे आधी दिसतही नव्हते तेही उठून दिसू लागतात. वर्गात, कार्यालयात किंवा समारंभात वावरणाऱ्या व्यक्तीला हे आठवडे असह्य वाटू शकतात व अनेकदा उपचार अर्धवट सोडला जातो. परंतु हा दाह ओसरल्यावर रंजकपेशी सहसा शाबूत राहिलेल्या असल्याने त्वचा बहुधा एकसारखी व मऊ दिसते.

या मलमामुळे त्वचेचे अकाली वार्धक्यही कमी होते काय, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात २१ रुग्णांवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोलॅजन-निर्मितीत वाढ व त्वचेच्या रूपात सुधारणा दिसून आली. याउलट माजी सैनिकांवरील मोठ्या चाचणीतील छायाचित्रांचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले परीक्षण ठळक सुधारणा दाखवू शकले नाही. मात्र त्याच चाचणीतून २०१८ मध्ये पुढे आलेला निष्कर्ष अधिक मोलाचा आहे : मलमाच्या एका आवर्तनानंतर पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया आवश्यक ठरणाऱ्या खवलेपेशी-कर्करोगाचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांनी घटले.

इ) इमिक्विमॉड मलम : हे औषध पेशींना थेट मारीत नाही, ते त्वचेतील प्रतिकारयंत्रणा जागृत करते व ती यंत्रणा सदोष पेशी शोधून नष्ट करते. अमेरिकेत २००४ मध्ये या विकृतीसाठी त्याला मान्यता मिळाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७५ रुग्णांवरील एका जर्मन चाचणीत शीतोपचार, फ्लुओरोयुरॅसिल व इमिक्विमॉड यांची तुलना करण्यात आली. वर्षभरानंतर संपूर्ण क्षेत्र चट्टेमुक्त राहण्याचे प्रमाण अनुक्रमे ४, ३३ व ७३ टक्के होते, तर सौंदर्यविषयक फलित ‘उत्कृष्ट’ ठरण्याचे प्रमाण इमिक्विमॉडच्या बाबतीत ८१ टक्के व अन्य दोहोंच्या बाबतीत अवघे ४ टक्के होते. रुग्णसंख्या लहान असल्याने हे आकडे सावधपणे घेणे आवश्यक आहे.

ई) प्रकाशगतिक उपचार : या पद्धतीत त्वचेवर अमिनोलेव्युलिनिक आम्ल किंवा त्याचे मिथिल संयुग लावले जाते. सदोष पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन हे प्रकाशसंवेदी द्रव्य अधिक प्रमाणात तयार करतात. त्यानंतर निळा वा लाल प्रकाश सोडला असता हे द्रव्य क्रियाशील ऑक्सिजन निर्माण करते व पेशी आतून नष्ट होते. १९९० मध्ये कॅनडातील केनेडी व पॉटियर यांनी या पद्धतीचे वर्णन केले व १९९९ च्या अखेरीस अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. आघात मुख्यतः सदोष पेशींवर होत असल्याने व कोलॅजनचा सांगाडा शाबूत राहत असल्याने व्रण क्वचितच राहतो. २००२ मधील एका युरोपीय चाचणीत चट्टे नाहीसे होण्याचे प्रमाण प्रकाशगतिक उपचारात ६९ टक्के व शीतोपचारात ७५ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. परंतु ‘चांगले’ वा ‘उत्कृष्ट’ रूप अनुक्रमे ९६ व ८१ टक्के रुग्णांत आढळले. प्रकाश सोडताना होणारी तीव्र आग ही या पद्धतीची उणीव. डेन्मार्कमधील संशोधकांनी विकसित केलेल्या पद्धतीत दिव्याऐवजी दिवसाचा नैसर्गिक प्रकाश वापरून ही वेदना बरीच कमी करण्यात आली आहे. ज्या उन्हाने त्वचा बिघडविली, त्याच्याच प्रकाशाने ती सुधारावी, हा योग लक्षणीय आहे.

उ) अन्य औषधे : ‘युफोर्बिया पेप्लस’ या वनस्पतीचा चीक ऑस्ट्रेलियात घरगुती उपाय म्हणून त्वचेच्या चट्ट्यांवर लावला जात असे. त्यातील इंजेनॉल मेब्युटेट या द्रव्यापासून बनविलेल्या औषधाला २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. दोन-तीन दिवसांत आटोपणारा उपचार व चांगले रूप यांमुळे त्याचे स्वागत झाले. परंतु उपचार केलेल्या जागीच कर्करोग वाढत असल्याच्या शंकेमुळे २०२० मध्ये युरोपात ते मागे घेण्यात आले. चांगले दिसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, याचे हे बोलके उदाहरण होय. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळालेले टिरबॅनिब्युलिन हे मलम पाच दिवस लावले जाते. त्याच्या दोन चाचण्यांत सर्व चट्टे नाहीसे होण्याचे प्रमाण ४४ व ५४ टक्के होते.

४. आकडेवारी वाचताना घ्यावयाची दक्षता

वरील आकडे परस्परांशेजारी ठेवून ‘सर्वोत्तम’ उपचार ठरविण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. त्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले कारण गणनेच्या आधाराचे. काही अभ्यासांत फक्त बऱ्या झालेल्या चट्ट्यांचेच रूप तपासले जाते. अशा वेळी न बरे झालेले चट्टे हिशेबातून बाहेर पडतात व निम्मे चट्टे शिल्लक ठेवणारी पद्धतही ‘उत्कृष्ट रूप’ मिळविल्याचे दाखवू शकते. दुसरे कारण परीक्षकाचे. कोणत्या रुग्णावर कोणता उपचार झाला हे ठाऊक असलेला परीक्षक नकळत कल देऊ शकतो. फुगलेला, सोललेला किंवा प्रकाशाने लाल झालेला चेहरा पाहिल्यावर उपचार ओळखू येतो. म्हणून काही काळ गेल्यानंतरच्या छायाचित्रांचे त्रयस्थाकडून परीक्षण अधिक विश्वसनीय ठरते. तिसरे कारण असे की, परीक्षकाची व रुग्णाची दृष्टी एक नसते. डॉक्टर ज्या फिकट ठिपक्याला क्षुल्लक मानतो, तोच रुग्णाला आरशात रोज दिसतो.

चौथे कारण यशाच्या व्याख्येचे. उपर्युक्त जर्मन चाचणीत इमिक्विमॉड आघाडीवर होते. परंतु नेदरलँड्समध्ये ६२४ रुग्णांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, चट्ट्यांच्या संख्येत किमान ७५ टक्के घट हा निकष लावला असता, वर्षभरानंतर फ्लुओरोयुरॅसिल ७४.७, इमिक्विमॉड ५३.९, प्रकाशगतिक उपचार ३७.७ व इंजेनॉल २८.९ टक्के असा क्रम लागला. चट्टे दूर ठेवण्यात स्वस्त व जुने मलम सरस ठरले, तर रूपाच्या दृष्टीने नावाजलेला प्रकाशगतिक उपचार मागे पडला. टिकाऊपणा हाही सौंदर्यविषयक फलिताचा एक भाग होय. कारण चट्टे परत आले तर उपचारही पुन्हा करावे लागतात.

५. सावळी त्वचा व भारतीय संदर्भ

भारतात ही विकृती विरळ आहे. त्वचेतील मेलॅनिन हे याचे प्रमुख कारण. १९७९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात कृष्णवर्णीय बाह्यत्वचेचे नैसर्गिक संरक्षणमूल्य १३.४, तर गौरवर्णीय त्वचेचे ३.४ आढळले होते. जन्मजात वर्णहीनता किंवा ‘झेरोडर्मा पिग्मेंटोझम’ हा डीएनए-दुरुस्तीतील आनुवंशिक दोष असलेल्या व्यक्ती मात्र याला अपवाद आहेत. त्यांच्यात असे चट्टे व कर्करोग तरुण वयात, कधी बालपणीही उद्भवतात. मेलॅनिनचे हे संरक्षण व्यक्तीसोबत जाते. त्यामुळे ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी भाषकांनाही ते लाभते. याचा अर्थ त्यांना धोका मुळीच नाही, असा मात्र नव्हे.

येथे एक महत्त्वाची मर्यादा नमूद केली पाहिजे. सौंदर्यविषयक फलिताचे वर उद्धृत केलेले आकडे प्रामुख्याने गोऱ्या त्वचेवरून मिळालेले आहेत. गोऱ्या गालावरील फिकट ठिपका दुरून दिसत नाही. सावळ्या गालावर तोच ठळक उठून दिसतो. शिवाय सावळ्या त्वचेत कोणत्याही दाहानंतर काळे डाग दीर्घकाळ राहण्याची प्रवृत्ती असते. महाराष्ट्रात द्रवरूप नायट्रोजनचा वापर चामखिळींसाठी केला जातो. तेथेही हाच प्रश्न उद्भवतो. आपल्या समाजात चेहऱ्यावरील पांढरा डाग पाहताच ‘कोड’ असल्याची शंका घेतली जाते. कोड हा संसर्गजन्य नसूनही विवाह, नोकरी व सामाजिक वावर यांत त्याची झळ रुग्णाला सोसावी लागते. म्हणून पाश्चात्त्य चाचणीत ‘चांगले’ ठरलेले फलित भारतीय रुग्णाच्या दृष्टीने तसेच ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

६. प्रतिबंध : रूप व आरोग्य यांचा संगम

उपचारांच्या तुलनेत प्रतिबंधाचे सौंदर्यविषयक फलित अधिक निर्विवाद आहे. व्हिक्टोरिया राज्यातील मेरिबरो येथे ५८८ व्यक्तींवर झालेल्या व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका उन्हाळ्यात नियमित सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या अंगावर नवे चट्टे कमी आले व असलेले अधिक प्रमाणात मावळले. क्वीन्सलँडमधील नॅम्बोर येथे १६२१ नागरिकांवर १९९२ ते १९९६ या काळात झालेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात खवलेपेशी-कर्करोगाच्या गाठींचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. याच चाचणीतील ५५ वर्षांखालील ९०३ व्यक्तींच्या हाताच्या पाठीवरील त्वचेचे साचे तपासले असता रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेचे वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी असल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. एकच उपाय कर्करोग व सुरकुत्या या दोहोंना अटकाव करतो, ही बाब लोकशिक्षणाच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे. कर्करोगाच्या दूरच्या भीतीपेक्षा रूपाची जवळची काळजी तरुणांना अधिक लवकर पटू शकते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ज्या विकृतीचा प्रत्येक चट्टा धोकादायक नसतो, तिच्या उपचारात होणारी हानी मोजणे हा चैनीचा नव्हे, तर वैद्यकीय नीतीचा भाग ठरतो. दुसरा असा की, शीतोपचार सोयीस्कर असला तरी रंगहानीचा धोका त्याच्या कार्यपद्धतीतच अंतर्भूत आहे. मलमे तात्पुरता त्रास देऊन बहुधा चांगली त्वचा मागे ठेवतात. प्रकाशगतिक उपचाराने रूप चांगले राहते, परंतु टिकाऊपणात तो उणा पडू शकतो. तिसरा असा की, इंजेनॉलच्या उदाहरणावरून दिसते त्याप्रमाणे रूपाचा विचार सुरक्षिततेला वगळून करता येत नाही. चौथा असा की, सावळ्या त्वचेसाठी या फलितांचे स्वतंत्र मूल्यमापन होणे आवश्यक आहे.

एकच मोठा चट्टा असलेला वृद्ध शेतकरी आणि चेहराभर सूक्ष्म चट्टे असलेली मध्यमवयीन शिक्षिका यांना एकच उपचार योग्य ठरेल असे नाही. किती आठवडे लाल चेहऱ्याने वावरता येईल, किती वेदना सोसता येईल व कोणता डाग स्वीकारता येईल, याचे उत्तर रुग्णच देऊ शकतो. त्याला ते देता यावे यासाठी आवश्यक माहिती उपचारापूर्वीच त्याच्यासमोर ठेवणे हे वैद्यकाचे कर्तव्य होय.